पारितोषिक द्या, पण आधी आकडे पुन्हा मोजून पाहा

संपादक महोदय,

पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची पारितोषिके मिळाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात. त्यांत राज्यशास्त्राचे विद्यार्थी असले की हा विषय शिकवणाऱ्यांना आनंदच होतो. बातमीत फोटो असतो, विद्यार्थ्याचे आणि मार्गदर्शकाचे नाव असते, निबंधाचे लांबलचक शीर्षक असते. विद्यार्थ्याने प्रश्न कोणता विचारला, तो कशाच्या आधारे सोडवला आणि उत्तर काय निघाले, याचा मात्र पत्ता नसतो. दोष एकट्या बातमीदाराचा नाही. पुष्कळदा निबंधातच प्रश्न नसतो आणि परीक्षकांनीही तो शोधलेला नसतो. निबंधांना मार्गदर्शन करणे आणि ते तपासणे हे आमचे रोजचे काम, म्हणून काही गोष्टी मांडतो.

‘समाजमाध्यमे आणि लोकशाही’, ‘युवकांचा राजकारणातील सहभाग’, ‘संघराज्यापुढील आव्हाने’ हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. त्यांवर वीस पाने सहज भरतात, पण भरून झाल्यावर आधी माहीत नव्हते असे काही हाती लागत नाही. प्रश्नाची साधी कसोटी अशी: त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते का? ‘पक्ष बदलून पुन्हा उभ्या राहिलेल्या लोकप्रतिनिधींची मते, पक्ष न बदलणाऱ्यांच्या तुलनेत, पुढच्या निवडणुकीत घटतात का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बाजूने येऊ शकते. मोजायचे काय, कोणाचे आणि कशाशी ताडून पाहायचे, हे सगळे त्या एका वाक्यात आले. त्यातला ‘तुलनेत’ हा शब्द सर्वांत मोलाचा, आणि पदवीच्या निबंधांत नेमका तोच गळतो. लष्करी उठाव झालेले पाच देश घ्यायचे, पाचही ठिकाणी आधी महागाई वाढली होती असे दाखवायचे आणि महागाईमुळे उठाव होतात असा निष्कर्ष ठोकून द्यायचा. महागाई वाढूनही जिथे बराकी शांत राहिल्या ते देश पाहिलेच नाहीत, तर आधार कशाचा? त्या पाचही देशांत लोक पाणीही पीत होते.

तुलना कशी उभी करावी हे समजायला राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर द्युफ्लो यांचा २००४ सालचा अभ्यास पाहावा. त्यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील २६५ ग्रामपंचायती पाहिल्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने सरपंचपदांपैकी एक तृतीयांश पदे महिलांसाठी राखीव झाली होती, आणि कोणती पंचायत राखीव होणार हे गावकऱ्यांच्या किंवा पुढाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून नव्हते. सगळी मेख इथे आहे. महिलांना आपणहून निवडून देणारी गावे मुळातच वेगळी असू शकतात. राखीव गावे मात्र जवळपास चिठ्ठी काढल्यासारखी ठरली होती. त्यामुळे दोन गटांतला फरक आरक्षणाचा म्हणता येतो. पिण्याच्या पाण्याची कामे राखीव पंचायतींत दोन्ही राज्यांत जास्त झाली. रस्त्यांची कामे मात्र बंगालात वाढली आणि राजस्थानात घटली, कारण दोन्हीकडच्या महिलांच्या मागण्याच वेगळ्या होत्या. पदवीच्या विद्यार्थ्याकडून एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा कोणी करू नये. पण ‘माझे दोन गट एरवी सारखे होते का?’ हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला असावा, आणि उत्तर ‘नव्हते’ असेल तर तसे लिहिलेले असावे.

वेळेचा हिशेब विद्यार्थी हमखास उलटा मांडतात. वर्षभराच्या कामाला प्रत्यक्षात तीसेक आठवडे मिळतात. त्यांतले आठ वाचनाला आणि प्रश्न बारीक करण्याला, चार आराखडा, परवानग्या आणि चाचणीला, सहा माहिती गोळा करायला, चार ती साफ करायला, तीन विश्लेषणाला आणि पाच लिखाणाला, असे धरले तर काम तडीस जाते. होते असे, की माहिती गोळा करणे विसाव्या-बाविसाव्या आठवड्यापर्यंत लांबते, साफसफाईला वेळच उरत नाही आणि विश्लेषण दोन रात्रींत उरकले जाते. मुलाखतींचे तर याहून अवघड. तासाभराचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. पंधरा मुलाखती म्हणजे साठ ते नव्वद तास केवळ उतरवण्याचे. हे आधी सांगितले तर निम्मे विद्यार्थी मुलाखतींची संख्या आपणहून कमी करतात, आणि ते शहाणपणाचेच असते.

सर्वेक्षणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक निबंध तिथेच घसरतात. ऑनलाइन प्रश्नावली तयार करायची, ओळखीच्या गटांत फिरवायची, तीनशे उत्तरे आली की ‘तरुण मतदारांचा कल’ जाहीर करायचा, हा सध्याचा सोपा मार्ग. उत्तरे तीनशे असोत की तीन लाख, ती कोणाकडून आली हे माहीत नसेल तर संख्येला अर्थ नाही. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ मध्ये सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांच्या आधारे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन रूझवेल्ट यांना हरवणार असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले, म्हणजे मंदीच्या काळात त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या लोकांचे. आणि त्यांतही पत्रिका परत पाठवण्याची हौस असलेल्यांचीच उत्तरे आली.

नमुना खरोखर यादृच्छिक, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरावीक संधी देणारा असेल, तरच चुकीची मर्यादा, म्हणजे आलेला आकडा खऱ्यापासून किती इकडेतिकडे असू शकतो, हे सांगता येते. शंभर जणांत ती सुमारे अधिक-उणे दहा टक्के असते, चारशेंत पाच, हजारांत तीन. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. शिवाय ही मर्यादा संपूर्ण नमुन्याची आहे. चारशे जणांत दोनशे स्त्रिया आणि दोनशे पुरुष असतील, तर दोघांतल्या फरकाची मर्यादा पुन्हा दहाच्या घरात जाते. तेव्हा ‘स्त्रियांत ५४ टक्के, पुरुषांत ४८ टक्के’ या सहाच्या फरकावर तीन पाने लिहिणे व्यर्थ. तीच गोष्ट टक्क्यांच्या भाषेची: मतदान ४० वरून ४४ टक्क्यांवर गेले तर वाढ चार टक्केबिंदूंची आहे आणि मूळच्या मानाने दहा टक्क्यांची. एकाच निबंधात कधी हे, कधी ते वापरले जाते, आणि बहुधा जे मोठे दिसेल ते.

प्रश्नांची शब्दरचना आणखी निराळी डोकेदुखी. ‘सरकारचे शिक्षण आणि आरोग्य धोरण तुम्हाला योग्य वाटते का?’ हे दोन प्रश्न आहेत. ज्याला एक आवडते आणि दुसरे नाही त्याने काय उत्तर द्यावे? ‘तुम्ही मतदान केले का?’ याला प्रत्यक्ष मतदानापेक्षा जास्त लोक ‘हो’ म्हणतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. लाचेसारखा नाजूक प्रश्न असेल तर यादीची युक्ती वापरतात: अर्ध्या लोकांना चार विधाने दाखवायची, उरलेल्या अर्ध्यांना तीच चार अधिक नाजूक विधान अशी पाच, आणि ‘यांपैकी किती तुम्हाला लागू पडतात’ एवढेच विचारायचे, कोणती ते नाही. पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.४ आली, तर नाजूक विधान सुमारे ३० टक्क्यांना लागू पडते. युक्ती देखणी आहे आणि विद्यार्थ्यांना फार आवडते. पण प्रत्येक गटात शंभरच माणसे असतील आणि उत्तरांचे प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, एकच्या आसपास असेल, तर त्या ३० टक्क्यांभोवतीची मर्यादा अधिक-उणे २८ निघते. म्हणजे खरे उत्तर दोनही असू शकते आणि अठ्ठावन्नही. गटात हजाराच्या आसपास माणसे नसतील तर या वाटेला जाऊ नये.

प्रश्नावली दहा-पंधरा जणांवर आधी चालवून पाहावी. कोणत्या प्रश्नाला लोक अडखळतात, कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतात, एवढे टिपले तरी निम्म्या चुका वाचतात.

खरे तर पदवीच्या पातळीवर नवी पाहणी करण्याचा अट्टहास कशाला, हेच कळत नाही. तयार आणि तपासलेली सामग्री भरपूर आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय निवडणूक अभ्यास १९४८ पासून चालू आहे, जागतिक मूल्य सर्वेक्षण १९८१ पासून, आफ्रोबॅरोमीटर १९९९ पासून. भारताच्या संविधान सभेची ९ डिसेंबर १९४६ पासूनची चर्चा छापील स्वरूपात उपलब्ध आहे. अकरा अधिवेशने, १६५ दिवस. मालमत्तेच्या हक्कावर कोण किती वेळा आणि कोणत्या मुद्द्याने बोलले, हे त्यातून मोजणारा निबंध तीनशे मित्रांच्या मतांपेक्षा कितीतरी मोलाचा.

अशा मोजणीला मात्र शिस्त लागते. आधी संकेत-पुस्तिका लिहायची: कोणते वाक्य ‘समर्थन’, कोणते ‘विरोध’, कोणते ‘प्रक्रियेचा मुद्दा’, आणि सीमेवरच्या वाक्याचे काय करायचे. मग त्याच मजकुराचा निदान दहावा हिस्सा दुसऱ्या माणसाने, पहिल्याची उत्तरे न पाहता, वर्गीकृत करायचा. इथे एक फसवा आकडा विद्यार्थी अभिमानाने देतात: ‘दोघांचे ९० टक्के एकमत.’ समजा दोघांनीही दहातली नऊ वाक्ये ‘लागू नाही’ या खान्यात टाकली. मग डोळे मिटून खुणा केल्या तरी ८२ टक्के एकमत योगायोगानेच होते. योगायोग वजा करणारा कोहेनचा कप्पा हा निर्देशांक अशा वेळी ०.४४ च्या आसपास निघतो, आणि तो अपुराच म्हणायचा. मतभेद झालेली वाक्ये समोर ठेवून पुस्तिका सुधारायची आणि नव्या मजकुरावर पुन्हा चाचणी घ्यायची. त्याच मजकुरावर घेतली तर केवळ पाठांतराची परीक्षा होते.

दुसऱ्याने जमवलेली सामग्री वापरतानाचे सापळे वेगळे. पाच गुणांच्या पट्टीवर ‘सांगता येत नाही’ला ९ हा संकेत दिलेला असतो. तो काढायचा राहिला आणि दहा टक्के लोकांनी तेच उत्तर दिले असेल, तर ३ ची सरासरी ३.६ होते आणि संस्थांवरचा विश्वास एका रात्रीत वाढतो. दोन सारण्या देशांच्या नावांवरून जोडल्या की एकीत ‘दक्षिण कोरिया’ आणि दुसरीत ‘कोरिया प्रजासत्ताक’ असल्याने तो देश गुपचूप गळतो. संगणक तक्रार करत नाही. जोडण्यापूर्वी किती ओळी होत्या आणि नंतर किती राहिल्या, हे मोजणे एवढाच उपाय. भारतातील निवडणुकांवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की २००८ च्या परिसीमनाने मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. २००४ आणि २००९ मध्ये नाव तेच असले तरी मतदारसंघ तोच असेल असे नाही. ‘या मतदारसंघातली मते घटली’ असे लिहिणाऱ्याने निम्मे मतदार बदलले का हे पाहिलेले नसते.

मतदारसंघ किंवा जिल्ह्याच्या आकड्यांवरून व्यक्तींविषयी बोलणे ही तर जुनी खोड. अमक्या समाजाची वस्ती जास्त तिथे तमक्या पक्षाला मते जास्त, म्हणून त्या समाजाने त्या पक्षाला मते दिली, असे सर्रास लिहिले जाते. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून यातला धोका दाखवला. राज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त तिथे निरक्षरता कमी दिसत होती, सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे माप) उणे ०.५३. माणसांची तुलना केली तर परदेशात जन्मलेलेच अधिक निरक्षर होते, सहसंबंध अधिक ०.१२. स्थलांतरित लोक मुळात साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढेच. चिन्हच उलटले.

आणि शेवटचा सापळा, ज्यात परीक्षकही सामील असतात. वीस वेगवेगळे संबंध तपासले आणि प्रत्यक्षात एकही खरा नसला, तरी पाच टक्के पातळीवर, म्हणजे प्रत्येक वेळी योगायोगाने फसण्याची पाच टक्के शक्यता मान्य केली तर, निदान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. विद्यार्थी तो एक निवडतो, उरलेले एकोणीस टोपलीत टाकतो आणि निबंध त्या एकावर उभा करतो. लबाडी असतेच असे नाही. जिथे काही ‘सापडले’ तिथेच बक्षीस मिळते हे त्याने पाहिलेले असते. कोणती तुलना करणार हे माहिती उघडण्यापूर्वी लिहून, तारीख घालून मार्गदर्शकाकडे ठेवावे. ‘फरक आढळला नाही’ असे उत्तर देणारा निबंध पारितोषिकाच्या यादीत दिसू लागेल, तेव्हा ही सवय लागेल.

परीक्षकांकडून आमची मागणी मोठी नाही. निबंधाबरोबर मूळ सारणी आणि गणिताची फाइल मागवावी. अंतिम फेरीतल्या पाच-सहा निबंधांचा मुख्य तक्ता कोणीतरी अर्धा दिवस बसून पुन्हा काढावा. ‘अमेरिकन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स’ने २०१५ पासून स्वीकारलेल्या लेखांचे आकडे प्रकाशनापूर्वी त्रयस्थाकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू केली, ज्येष्ठांना जे लागू ते नवख्यांनाही असावे. हे काम विद्यार्थीही करू शकतात. कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा गाजलेला लेख २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या संशोधक-विद्यार्थ्याने वर्गातल्या स्वाध्यायासाठी पुन्हा मोजला. सारणीतल्या एका सरासरीत पाच देश गळलेले निघाले. ते आणि इतर निवडी दुरुस्त केल्यावर जास्त कर्ज असलेल्या देशांची उणे ०.१ दाखवलेली सरासरी वाढ अधिक २.२ टक्के निघाली. पदवीच्या विद्यार्थ्याने एखादा छापील निष्कर्ष असा पुन्हा तपासला तर त्याला ‘स्वतंत्र संशोधन नाही’ म्हणून बाद करू नये.

संदर्भसूचीतल्या कोणत्याही पाच नोंदी परीक्षकांनी उघडून पाहाव्यात. लेख लिहून देणारी संगणकीय साधने हाताशी आल्यापासून अस्तित्वातच नसलेली पुस्तके सूचीत दिसतात, अगदी पृष्ठांकांसह. मग दहा मिनिटांची तोंडी चर्चा: हीच उदाहरणे का, दुसरी का नाहीत? या तक्त्यातला तिसरा आकडा कसा आला? कोणते उत्तर आले असते तर तुमचे म्हणणे चुकीचे ठरले असते? काम मार्गदर्शकाचे की विद्यार्थ्याचे, हे पहिल्या तीन मिनिटांत कळते. एका सत्रात लिहिलेला वर्गनिबंध आणि वर्षभराचा प्रबंध एकाच स्पर्धेत उतरवू नयेत. अमेरिकेतील ‘पाय सिग्मा अल्फा’ ही राज्यशास्त्राची सन्मानसंस्था दोहोंना वेगळी पारितोषिके देते, ते बरोबर आहे.

परीक्षकांची चूक दुसऱ्या बाजूनेही होते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील ग्रेगरी वॉटसन या पदवीच्या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये एका निबंधात दाखवले, की काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांच्या वेतनवाढीविषयी १७८९ साली मांडलेली घटनादुरुस्ती अजून जिवंत आहे, कारण ती मंजूर करायला मुदतच घातलेली नव्हती. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. वॉटसन यांनी राज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. १९८३ मध्ये मेन, १९८४ मध्ये कोलोरॅडो, असे करत १९९२ मध्ये आवश्यक राज्यांची मंजुरी पूर्ण झाली आणि ती अमेरिकेच्या संविधानाची २७ वी दुरुस्ती ठरली. विद्यापीठाने श्रेणी बदलून ‘ए’ केली ती २०१७ मध्ये. त्या निबंधात ना मोठा सिद्धान्त होता, ना भारदस्त शीर्षक. ठरावात मुदतीचे कलम आहे की नाही, हे मूळ कागद उघडून कोणालाही पाहता आले असते.

आपल्याकडे एक विनंती. अशा पारितोषिकाची बातमी पुढच्या वेळी छापाल तेव्हा फोटोखाली चार ओळी द्याव्यात: प्रश्न काय होता, कोणती आणि किती माहिती तपासली, उत्तर काय आले, मूळ फाइल कुठे पाहायला मिळेल. जागा कमी पडत असेल तर शीर्षक गाळले तरी चालेल.

आपले,
राज्यशास्त्राचे काही अध्यापक आणि निबंध-परीक्षक